दोन अँप जोडून एकच वूफर चालवायचाय: स्ट्रॅपिंग करू की नको? (सोलापूर)

जुळेसोलापूरकर | सोमवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी. अर्धवट माहिती देऊन सल्ला मागण्यापेक्षा सगळं एकदाच लिहितो, म्हणून पोस्ट लांब होईल.

गाडी डिझेल हॅचबॅक, दहा वर्षं वापरातली. डिकीत १२ इंची वूफर (खालचे सूर वाजवणारा मोठा स्पीकर) आहे, ड्युअल कॉइलचा, म्हणजे आत तारेची दोन वेटोळी. दोन्ही कॉइल २-२ ओहमच्या, वूफरची झेप १००० वॉट आरएमएस (सलग पेलण्याची). त्यावर एक मोनो (एकाच चॅनलचा), क्लास डी प्रकारचा अँप, म्हणजे अँप्लिफायर, लावलाय. अँपच्या पाठीवर छापलंय: ४ ओहमला ३०० वॉट, २ ओहमला ५००, १ ओहमला ८००. सध्या दोन्ही कॉइल पॅरलल करून १ ओहमवर चालतोय.

त्रास असा की आवाज निम्म्याच्या वर नेला की प्रत्येक ठोक्याला हेडलाइट मिचकावतात, आणि थोड्या वेळाने अँपचा लाल दिवा लागून सगळं बंद. आठवड्यातून एकदा कामासाठी पुण्याला जावं लागतं. मागच्या महिन्यात मोहोळ ते टेंभुर्णी एवढ्या टप्प्यात दोनदा बंद पडला. मला वाटलं, अँप कमी पडतोय. ओळखीतल्या एकाकडे त्याच कंपनीचा, त्याच मॉडेलचा जुना अँप पडून होता, तो घेतला. आता हे दोन्ही जोडून एका वूफरवर टाकायचे आहेत. व्हिडिओत एका जणाने दोन्ही अँपचे प्लस घेऊन वूफरला लावलेले पाहिले, पण नीट कळलं नाही.

मी हे का करतोय तेही सांगतो. वडील तीसेक वर्षं भजनी मंडळात पखवाज वाजवतायत. त्यांच्या एकादशीच्या भजनाचं रेकॉर्डिंग मी स्वतः चांगल्या माइकवर केलंय. हेडफोनवर ऐकलं तर धुम्यावरची, म्हणजे पखवाजाच्या ओली कणीक लावलेल्या डाव्या तोंडावरची, थाप पडते, घुमते आणि सावकाश विरते. गाडीत तीच थाप पडते आणि लगेच मान टाकते. मला ती घुमायला हवी आहे. आवाज मोठा करून चौकात मिरवायचा नाही.

बार्शी टू बंगळूर | सोमवार, रात्री १०:४०

सोपं हाय की दादा. दोन्ही अँपचा प्लस एकत्र, दोन्हीचा मायनस एकत्र, आणि तिथनं वूफरला. दोन बॅटऱ्या पॅरलल करतो तसंच. ८०० आणि ८००, सोळाशे वॉट.

मागवाला | सोमवार, रात्री ११:०५

थांबा. असं अजिबात करू नका. लिहिणाऱ्याचा हेतू चांगला आहे, पण यात दोन्ही अँप पहिल्याच गाण्याला जातील.

माझी हयात यंत्रमागाच्या शेडमधल्या मोटारी, स्टार्टर आणि जनरेटर दुरुस्त करण्यात गेली. ऑडिओतलं मला फार कळत नाही, पण दोन जनरेटर एका बसबारवर (सामायिक पट्टीवर) घ्यायचे तर काय करावं लागतं ते हाताने केलंय. दोघांचं व्होल्टेज सारखं हवं, फ्रिक्वेन्सी सारखी हवी, फेज जुळलेला हवा. जरा चुकलं की एक जनरेटर दुसऱ्याला मोटारीसारखा फिरवायला बघतो आणि धडाका होतो. अँपचंही तेच. एकाने ३० व्होल्ट दिले आणि दुसऱ्याने त्याच क्षणी २९, तर तो एक व्होल्टाचा फरक वूफरमध्ये जात नाही. अँपच्या आउटपुटला आतून रोध जवळजवळ नसतोच, त्यामुळे तो फरक एका अँपमधून थेट दुसऱ्यात घुसतो. करंट शेकड्यात जाऊ शकतो.

बॅटरीची गोष्ट वेगळी, ती डीसी आहे आणि तिथेही जुनी-नवी बॅटरी पॅरलल करू नये असं आम्ही सांगतोच.

बार्शी टू बंगळूर | सोमवार, रात्री ११:१२

हे माहीत नव्हतं काका. बरं झालं सांगितलं, मी पुढच्याच आठवड्यात मित्राच्या गाडीत असंच करणार होतो.

ओहमकार | मंगळवार, सकाळी ७:५०

विजापूर रोडच्या बाजूला गाड्यांचं साउंडचं काम करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो. दुकान उघडायला अजून वेळ आहे.

'अँप जोडणे' या एका शब्दात लोक तीन वेगळी कामं कोंबतात, आणि गोंधळ तिथेच होतो. पहिलं काम साधं: सिग्नल पुढे नेणे. स्टिरिओची आरसीए पिन (गाण्याचा सिग्नल नेणारी) पहिल्या अँपला, त्याच्या लाइन आउटमधून दुसऱ्या अँपला. दोन्ही अँपना तेच गाणं मिळतं, पण स्पीकरच्या तारा ज्याच्या त्याच्या वेगळ्या. दुसरं ब्रिजिंग: एकाच दोन किंवा चार चॅनलच्या अँपमधले दोन चॅनल मिळून एक करणे. आणि तिसरं तुम्ही व्हिडिओत पाहिलेलं, स्ट्रॅपिंग. दोन वेगळे मोनो अँप मिळून एका स्पीकरवर.

स्ट्रॅपिंगमध्ये पहिला अँप मास्टर, दुसरा स्लेव्ह. स्लेव्ह अँप तोच सिग्नल उलटा करून देतो. मास्टरचा प्लस वूफरच्या प्लसला, स्लेव्हचा प्लस वूफरच्या मायनसला. एक ढकलतो तेव्हा दुसरा ओढतो, म्हणून वूफरच्या दोन टोकांत दुप्पट व्होल्टेज मिळतं. दोन्ही अँपचे मायनस एकमेकांना जोडायचे का, हे त्या अँपच्या पुस्तिकेत जे लिहिलंय तसंच. मनाने नाही. कारण बऱ्याच क्लास डी अँपमध्ये स्पीकरचा मायनस अर्थिंगला जोडलेला नसतोच, तिथेही आतून सिग्नल असतो. अशा अँपला स्ट्रॅपिंगची सोय कंपनीने दिलेली नसेल तर विषयच संपला.

आता यातली सगळ्यात जास्त अँप खाल्लेली गोष्ट. स्ट्रॅपिंग केलं की प्रत्येक अँपला वूफरचे अर्धेच ओहम दिसतात. तुमचा वूफर आता १ ओहमवर आहे. तसाच ठेवून स्ट्रॅप केलात तर प्रत्येक अँपला अर्धा ओहम दिसेल. तुमचे अँप १ ओहमपर्यंतचे. धूर निघेल.

बरोबर पद्धत म्हणजे दोन्ही कॉइल सिरीजमध्ये घ्यायच्या, ४ ओहम होतात. मग प्रत्येक अँपला २ ओहम दिसतात, म्हणजे ५०० आणि ५००, एकूण १०००. पण तुमच्याकडे ड्युअल कॉइल आहे, मग एवढा खटाटोप कशाला? एक कॉइल एका अँपला, दुसरी कॉइल दुसऱ्याला. प्रत्येक अँपला २ ओहम, प्रत्येकाचे ५००, एकूण तेच १०००. दोन्ही अँपच्या आउटपुटचा एकमेकांशी तारेचा संबंध नाही. एक बिघडला तर दुसऱ्याला धोका नाही. स्ट्रॅपिंग खरं उपयोगी पडतं ते एकच कॉइल असलेल्या मोठ्या वूफरला.

दुकानात गाडी आली असती तर मी तुमचं काम याच पद्धतीने केलं असतं. पण त्याआधी वायरिंग तपासलं असतं, कारण हेडलाइट मिचकावणं हे अँप कमी पडल्याचं लक्षण नाही.

इलेक्ट्रॉनिक्सवाली | मंगळवार, दुपारी १:३०

ओहमकारांनी जोडणीचं सगळं सांगितलंय. मी आकड्यांचं थोडं लिहिते, कारण पैसे घालण्याआधी हे कळायला हवं.

तुमचा एक अँप १ ओहमवर ८०० वॉट देतो. दोन अँप मिळून १००० देतील. वॉटचे आकडे आपल्याला मोठे वाटतात, पण कानाला ते डेसिबलमध्ये कळतात. ८०० वरून १००० म्हणजे साधारण १ डेसिबलची वाढ. वॉट दुप्पट केले तर ३ डेसिबल वाढतात. आणि आवाज 'दुप्पट झाला' असं वाटायला साधारण १० डेसिबल लागतात, म्हणजे वॉट दहापट.

म्हणजे दुसऱ्या अँपने तुम्हाला मिळणारी वाढ १ डेसिबल. तुमची थाप मान टाकते त्याचं कारण हे असूच शकत नाही. लांब घुमणारी नोट म्हणजे अँपने बराच वेळ सलग मोठा करंट ओढणं. सुरुवातीचा ठोका अँपच्या आतल्या कपॅसिटरच्या जोरावर निघून जातो, पुढचं घुमणं गाडीच्या वायरिंगच्या जोरावर निघतं. तिथे व्होल्टेज खाली बसत असणार.

एक हिशोब करून बघा. ८०० वॉट बाहेर द्यायला, अँपची कार्यक्षमता ७५ टक्के धरली तरी १०६५ च्या आसपास वॉट आत लागतात. १३ व्होल्टने भागा, ८० अँपिअरच्या वर जातं. गाण्यात हे सतत नसतं, सरासरी त्याच्या बरीच खाली असते. पण त्या क्षणी तार आणि अर्थिंग (मायनसची गाडीच्या पत्र्याला केलेली जोडणी) एवढा करंट सहज नेऊ शकायला हवी.

कृपया हे मोजा: इंजिन चालू, आवाज त्रास होतो त्या पातळीला, आणि बॅटरीच्या टोकांवर किती व्होल्ट, अँपच्या टोकांवर किती व्होल्ट. दोन्ही इथे लिहा. आणि मीटरची एक पिन बॅटरीच्या प्लसला, दुसरी अँपच्या प्लसला लावली की तारेत किती व्होल्ट खर्ची पडतायत ते थेट दिसतं. तसंच मायनसच्या बाजूचं. लांब तार लागेल, घरातली साधी वायर चालेल, मीटरला करंट लागतच नाही.

जुळेसोलापूरकर | मंगळवार, रात्री ९:२०

१ डेसिबल वाचून खरंच धक्का बसला. तीन हजार दिलेत दुसऱ्या अँपचे. मोजणी रविवारी करतो, आठवडाभर सवड नाही.

सातरस्ता | बुधवार, सकाळी ११:००

विषय थोडा वेगळा, पण विचारतो. आमच्या घराजवळ दवाखाने आहेत. रात्री असल्या गाड्या जातात तेव्हा खिडक्यांची तावदानं वाजतात. याला काही नियम आहे का?

इलेक्ट्रॉनिक्सवाली | बुधवार, दुपारी १२:४५

आहे. ध्वनिप्रदूषणाचे २००० सालचे नियम. रात्री १० ते सकाळी ६ रात्र धरतात. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबलची मर्यादा, आणि रुग्णालयं, शाळा-कॉलेजं, न्यायालयं यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करता येतो, तिथे दिवसा ५० आणि रात्री ४०. खालचा सूर भिंतीतून जातो, काच बंद असली तरी बाहेर ऐकू येतो. गाडीत वूफर असणाऱ्या प्रत्येकाने वस्तीत शिरताना आवाज खाली घ्यायलाच हवा, असं माझं ठाम मत आहे.

जुळेसोलापूरकर | बुधवार, रात्री ८:१०

पूर्ण सहमत. मी टोलनाका ओलांडल्यावरच लावतो आणि शहरात शिरताना बंद करतो.

जुळेसोलापूरकर | रविवार, दुपारी ३:३०

मोजलं. सकाळी ऊन चढायच्या आत गाडी सावलीत लावून दोन तास काढले. धाकट्या भावाने आवाज सांभाळला, मी मीटर.

५० हर्ट्झचा टोन, दर वेळी तीन-चार सेकंदच:

बॅटरीच्या टोकांवर १३.१ व्होल्ट.
अँपच्या टोकांवर ११.०.
प्लसच्या तारेत १.३ व्होल्ट गेले.
मायनसच्या बाजूला ०.८.

बेरीज बरोबर २.१ येते. म्हणजे बॅटरी आणि अल्टरनेटर ठीक आहेत, सगळं वाटेत सांडतंय.

मग तार उघडली. पाकिटावर '४ गेज' (तारेच्या जाडीचं माप) होतं, बाहेरून करंगळीएवढी जाड. एक टोक कापलं तर आत नुसतं रबरच रबर, तारांचा जुडगा मधोमध पेन्सिलच्या शिशापेक्षा थोडा जाड. एक तार ब्लेडने खरवडली. तांबूस रंग पापुद्र्यासारखा निघाला आणि आत पांढरं चकचकीत. अ‍ॅल्युमिनियम!

पुढे अजून वाईट. फ्यूज शोधायला बॉनेट उघडलं, बॅटरीजवळ फ्यूजच नाही. तो डिकीत, अँपच्या शेजारी लावलाय. फ्यूजच्या प्लास्टिकच्या डबीचं एक टोक पिवळं पडून मेणासारखं वाकलंय. आणि अर्थिंग सीटबेल्टच्या बोल्टला, रंगावरच आवळलेली. बोल्ट काढला तर रंगावर लगचा (तारेच्या टोकाच्या कडीचा) गोल डाग उमटलाय, मधे एवढासा जळका ठिपका. तेवढ्या ठिपक्यातून एवढा करंट जात होता.

हे काम मी पैसे देऊन करून घेतलं होतं. चार वर्षं घरच्यांना घेऊन याच गाडीतून फिरतोय.

मागवाला | रविवार, दुपारी ४:१०

आधी बॅटरीवरून ती तार काढा. आजच. गाडी तशीही चालते.

फ्यूज अँपला वाचवायला नसतो, तारेला वाचवायला असतो. तुमच्या गाडीत बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर तार फ्यूजशिवाय पळतेय. वाटेत कुठे पत्र्याला घासून रबर फाटलं तर पूर्ण बॅटरी त्या ठिकाणी रिकामी होईल, आणि डिकीतला फ्यूज नुसता बघत राहील. तार लाल होते, गालिचा पेटतो. बॅटरीपासून हातभर अंतरात, दीड फुटाच्या आत फ्यूज पाहिजे म्हणजे पाहिजे. आणि बोनेटमधून आत जाते तिथे पत्र्याच्या भोकाला रबरी बूच आहे का बघा.

ओहमकार | रविवार, संध्याकाळी ६:००

काकांचं ऐका, तार आजच काढा.

आकडे बोलके आहेत. तुमच्या टोनला साधारण ६० अँपिअर जात असतील असं धरलं, तर खऱ्या तांब्याच्या ४ गेजमध्ये, म्हणजे २१ चौरस मिलिमीटरच्या तारेत, पाच मीटरला पाव व्होल्ट जायला हवा होता. तुमचे १.३ गेलेत. नावाला ४ गेज, आत त्याच्या पावपट धातू आणि तोही अ‍ॅल्युमिनियम. तांब्याचा मुलामा दिलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारेतून तांब्याच्या साधारण ६०-६५ टक्केच वाहकता मिळते, त्यामुळे ती वापरायचीच तर दोन माप जाड घ्यावी लागते. पाकिटावरच्या गेजवर विश्वास ठेवू नका, चौरस मिलिमीटर विचारा आणि टोक कापून बघा.

माझा सल्ला: अक्कलकोट रोड एमआयडीसीच्या बाजूला इलेक्ट्रिकल मालाची दुकानं आहेत, तिथे ३५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वेल्डिंग केबल घ्या. बारीक तारांची, मऊ, वळवायला सोपी. वेल्डिंग केबलमध्येही अ‍ॅल्युमिनियमची येते, तेव्हा तिथेही खरवडून बघाच. पाच मीटरमध्ये ७० अँपिअरला हिचा खर्च ०.१७ व्होल्टच्या आसपास. इंजिनजवळून जाते तिथे वरून नालीदार पाइप चढवा, रबराला डिझेल आणि उष्णता सहन होत नाही.

बॅटरीजवळ १५० अँपिअरचा फ्यूज. डिकीत फ्यूजवाला डिस्ट्रिब्युशन ब्लॉक, प्रत्येक अँपला ६० चा वेगळा फ्यूज. दोन्ही अँप २-२ ओहमवर चालणार, तेवढा पुरतो. दोन्हीची अर्थिंग एकाच जागी, तार दीड फुटाच्या आत. रंग पॉलिश पेपरने घासून पत्रा उघडा करा, लग आवळा, मग वरून ग्रीस लावा म्हणजे गंजणार नाही. अर्थिंग दोन वेगळ्या जागी केली की अल्टरनेटरची कुईंकुईं स्पीकरमध्ये येते.

बॉनेटमध्येही तीन तारा जाड करा: अल्टरनेटरच्या प्लसपासून बॅटरी, बॅटरीच्या मायनसपासून बॉडी, इंजिनपासून बॉडी. डिकीत कितीही जाड तार नेली आणि बॅटरी ते बॉडी जुनी बारीक पट्टीच राहिली, तर करंट तिथेच अडतो.

दोन अँप झाले म्हणून रिमोटची तारही सांभाळा. स्टिरिओची रिमोट वायर (अँप चालू करायचा इशारा नेणारी) नाजूक असते, अर्ध्या अँपिअरच्या आसपास पेलणारी. रिले (लहान करंटने मोठा चालू-बंद करणारा स्विच) टाका, आकडे त्याच्या पिनांचे: ८६ ला स्टिरिओचा रिमोट, ८५ ला अर्थिंग, ३० ला छोट्या फ्यूजमधून प्लस, ८७ वरून दोन्ही अँपचे रिमोट.

बार्शी टू बंगळूर | रविवार, रात्री ९:००

हे सगळं वाचून मी पण माझी तार कापली. माझी पण पांढरी निघाली.

जुळेसोलापूरकर | गुरुवार, रात्री १०:३०

सामान आणलं. केबल, लग, फ्यूज, ब्लॉक, रिले. लग दाबायला हायड्रॉलिक मशीन त्या दुकानदाराने तिथेच वापरू दिलं, हातोडीने ठोकलेले लग सैल पडतात म्हणाला. शनिवारी जोडणी. त्याआधी दोन शंका.

दुसरा अँप जुना आहे. दोन्हीची ताकद सारखी आहे हे कसं ठरवू? आणि दोन कॉइलला दोन अँप लावताना प्लस-मायनस चुकले तर काय?

इलेक्ट्रॉनिक्सवाली | शुक्रवार, दुपारी २:००

दुसरी शंका आधी, कारण ती जास्त धोक्याची. दोन्ही कॉइल एकाच नळीवर गुंडाळलेल्या असतात. एक उलटी लागली तर एक पुढे ढकलते, दुसरी मागे ओढते. कोन जागेवर थांबतो, आवाज येत नाही, आणि सगळी वीज कॉइलमध्ये उष्णता होते. लोक 'आवाज येत नाही' म्हणून आणखी वाढवतात आणि कॉइल जळते.

तपासायला घड्याळातला १.५ व्होल्टचा पेन्सिल सेल पुरे. अँप काढून ठेवा. सेलचा प्लस कॉइलच्या प्लसला, मायनस मायनसला टेकवा, क्षणभरच. कोन बाहेर यायला हवा. बोटाची टोकं कोनवर हलकी ठेवलीत तर बारीकसा धक्काही कळतो. दोन्ही कॉइलवर वेगवेगळं करा, दोन्ही वेळा बाहेरच यायला हवा. मग तारांना खूण करा.

गेन (अँप सिग्नल किती वाढवतो ते) जुळवायला: वूफर काढून ठेवा, ५० हर्ट्झचा पूर्ण पातळीचा टोन लावा, स्टिरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर, इक्वलायझर सपाट, अँपचा बास बूस्ट शून्य. मीटर एसी व्होल्टवर. वॉट गुणिले ओहम, त्याचं वर्गमूळ: ५०० गुणिले २ म्हणजे १०००, वर्गमूळ ३१.६ व्होल्ट. एवढे आले की अँप छापील ताकदीला. पण तुम्ही २८ वर थांबा. प्रत्येक कॉइलला ३९० च्या आसपास वॉट, दोन्ही मिळून पावणेआठशे. शेवटच्या त्या एका डेसिबलसाठी अँपला क्लिपिंगपर्यंत (आवाज फाटेपर्यंत) न्यायची गरज नाही.

दोन्ही अँप २८ वरच आणा. नॉबची खूण बघू नका, जुन्या अँपचा नॉब वेगळ्या जागी येईल, मीटर खरं सांगतो. लो-पास फिल्टरही (वरचे सूर अडवणारा) दोन्हीला सारखा. तो वेगळा राहिला तर दोन्ही कॉइलचा फेज थोडा वेगळा होतो.

ओहमकार | शुक्रवार, रात्री ९:४५

एवढं काम केलंत, तर अँप वूफरच्या पेटीवर बसवू नका. कंपनाने सोल्डर सुटतात. सीटच्या पाठीला लाकडी फळी मारून तिच्यावर बसवा, खाचा उभ्या राहतील अशा, म्हणजे गरम हवा वर निघून जाईल. आपल्याकडे मे महिन्यात बाहेरच ४२-४३ असतं, उन्हात लावलेल्या गाडीच्या डिकीत किती होत असेल ते हात घालून बघा. टेंभुर्णीला तुमचा अँप बंद पडायचा त्यात कमी व्होल्टेज होतं तसं ऊनही होतं.

आणि तुमचे तीन हजार वाया गेले नाहीत. एकच अँप १ ओहमवर सगळा भार घेतो तेव्हा सगळी उष्णता एका डबीत. तोच भार दोघांत वाटला आणि प्रत्येकाला २ ओहम मिळाले, तर कार्यक्षमताही वाढते आणि उष्णता दोन डब्यांत विभागली जाते. मोठ्या आवाजासाठी दुसरा अँप घ्या असं मी सांगितलं नसतं. सोलापूरच्या उन्हात थंड चालावा म्हणून नक्की सांगितलं असतं.

जुळेसोलापूरकर | रविवार, रात्री ११:००

शनिवारी सकाळी सुरू केलं, रविवारी दुपारी संपलं. मोजणी तशीच, तोच टोन, या वेळी दोन्ही अँप मिळून:

बॅटरीवर १३.२.
अँपवर १२.९.
प्लसच्या तारेत ०.२, मायनसला ०.१ पेक्षा थोडं कमी.

पेन्सिल सेलने तपासलं ते बरं झालं. माझ्या वूफरवर दुसऱ्या कॉइलचा लाल टर्मिनल मागच्या वेळी काढताना कुणीतरी उलटा बसवला होता. सेल टेकवल्यावर कोन आत गेला. दोनदा करून पाहिलं, आतच. तसंच जोडलं असतं तर मी 'आवाज येईना' म्हणून गेन वाढवत बसलो असतो.

एक प्रयोग मुद्दाम केला. नवीन केबलवर आधी फक्त माझा पहिला एक अँप, १ ओहमवर, लावून ऐकला. हेडलाइट हलले नाहीत. थाप घुमली. खरं तर मला हवं होतं ते तेव्हाच मिळालं होतं. मग दोन्ही अँप, एकेका कॉइलला. आवाजात फरक जेमतेम, इलेक्ट्रॉनिक्सवाली ताई म्हणाल्या तेवढाच. पण तासभर वाजवून अँपवर हात ठेवला तर कोमट. एकटा असताना वीस मिनिटांत हात ठेवता येत नव्हता.

संध्याकाळी वडिलांना गाडीत बसवून होटगी रोडने बाहेर काढलं. कार्तिकीचं रेकॉर्डिंग लावलं. त्यांना अँपबद्दल काही सांगितलं नव्हतं. दोन अभंग ते गप्प ऐकत होते, गुडघ्यावर बोटं चालू. तिसऱ्याच्या मध्यावर म्हणाले, 'कणीक वाळत आली होती त्या दिवशी. धुमा चढलाय बघ. मला तेव्हाच वाटलं होतं, पण मधे थांबून लावायला वेळ नव्हता.'

मी ते रेकॉर्डिंग शंभर वेळा ऐकलंय, मला कधी कळलं नव्हतं. परत लावलं, त्यांनी बोट वर करून जागा दाखवली, आणि खरंच, पहिल्या अभंगापेक्षा थाप थोडी वरच्या सुरात आहे.

पुढच्या एकादशीला ते कणीक जास्तीची मळून नेणार आहेत, ओल्या फडक्यात गुंडाळून.

मागवाला | सोमवार, सकाळी ८:२०

वाचून फार बरं वाटलं. पंधरा दिवसांनी सगळे लग एकदा पुन्हा आवळा, नवीन तांबं दबतं. आणि जुनी तार भंगारात देण्याआधी मधोमध कापा, म्हणजे ती दुसऱ्या कुणाच्या गाडीत जायची नाही.